सिव्हिलच्या दिव्यांग बोर्डाची तारीख आली आहे: संधिवात, बोटं आणि नोकरी

कृष्णाकाठची

एरवी वाचनमात्र असते, आज गरज पडली म्हणून लिहिते.

वय ३९. रूमॅटॉइड संधिवात. मनगटं आणि बोटं धरली आहेत, उजव्या हाताची दोन बोटं आता सरळ होत नाहीत. पाय त्या मानाने बरे, त्यामुळे चालताना बघणाऱ्याला काही कळत नाही. तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत कॅश काउंटरवर आहे. नोटा मोजणं, शिक्के मारणं, बंडलं बांधणं हेच काम. सकाळी ते होता होत नाही. मॅनेजरसाहेबांना सांगितलं तर म्हणाले, "सिव्हिलचं सर्टिफिकेट आणा, मग तुमचं काय करायचं ते बघू."

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरला, पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली आहे. आता धाकधूक सुरू झाली. नणंद म्हणते, आदल्या दोन दिवसांपासून गोळ्या बंद ठेव म्हणजे सूज दिसेल. शेजारच्या काकू म्हणतात, जुनी साडी नेस आणि फार बोलू नकोस. कुणाचं ऐकू?

आणि खरी भीती वेगळीच आहे. दिव्यांगत्वाचे टक्के कमी आले तर साहेब म्हणणार, तुम्हाला तर काही झालेलंच नाही. जास्त आले तर म्हणणार, मग काम कसं जमणार, घरी बसा. दोन्हीकडून मीच सापडते.

फिजिओ_नाशिक

ताई, सगळ्यात आधी: गोळ्या बंद करू नका. त्यात प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड असेल तर ते अचानक थांबवणं धोक्याचं असतं, चक्कर येऊन पडण्यापर्यंत मजल जाते. आणि उपयोगही नाही. बोर्ड सूज मोजत नाही. उपचार चालू असताना, आता पुढे फारसं बदलणार नाही असं जे उरलंय ते मोजतात. तुमची न सरळ होणारी दोन बोटं गोळी घेतली तरी सरळ होणार नाहीत, आणि मोजली जाणार ती तीच.

सकाळचा ताठरपणा ही मात्र अडचण आहे खरी. बोर्डासमोर नंबर लागेपर्यंत अकरा-बारा वाजतात, तोवर हात मोकळे झालेले असतात. त्यासाठी तुमच्या संधिवाताच्या डॉक्टरांकडून एक पत्र घ्या: आजार कधीपासून, औषधं कोणती, सकाळी ताठरपणा किती वेळ राहतो, कोणते सांधे कायमचे आखडले. 'रुग्ण माझ्या उपचाराखाली आहे' एवढ्या एका ओळीच्या पत्राचा काडीचा उपयोग होत नाही. जमलं तर एखाद्या फिजिओकडून दोन्ही हातांच्या सांध्यांचे कोन आणि पकडीची ताकद मोजून तारखेसह लिहून घ्या. बोर्ड स्वतःची मोजणी करणारच, पण समोर मोजलेला कागद असला की घाईत एखादा सांधा सुटत नाही.

जुना_कारकून

सरकारी रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्रांच्या खिडकीमागे नोकरी काढली, आता निवृत्त आहे. म्हणून जरा लांबण लावतो.

ताई, बोर्डाला तुमच्या नोकरीशी देणंघेणं नसतं, हे आधी डोक्यात पक्कं करा. तुम्ही रोखपाल आहात की शिक्षिका, पगार किती, घरी कमावणारं कोण, यातलं काही टक्क्यांत येत नाही. आजाराच्या नावालाही टक्के नसतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरॉसिस, हिमोफिलिया, सिकलसेल अशी काही नावं त्यात थेट आहेत. संधिवाताचं नाव नाही. म्हणून 'संधिवात यादीत नाही' असं सांगून एखादा शिपाई तुम्हाला परत पाठवायला बघेल. परत यायचं नाही. संधिवातामुळे सांधे निकामी झाले असतील तर ते अस्थिव्यंगात मोजले जातात. अर्जातही तोच प्रकार निवडलाय ना, ते एकदा बघा.

हाताची मोजणी दोन भागांत होते. एक बाहू: खांदा, कोपर, मनगट किती वळतात, ताकद किती, एकत्र हालचाल जमते का. दुसरा पंजा: पकड, संवेदना आणि जोर. पकड म्हणजे नुसती मूठ नव्हे. चिमटीत बारीक वस्तू धरणं, किल्ली फिरवावी तशी धरणं, गोल वस्तू पंजात घेणं, हे वेगवेगळं तपासतात. डॉक्टर पेन किंवा कागद हातात देतील. 'धरता येतं का' म्हटल्यावर आपली माणसं संकोचाने जोर लावून धरतात आणि 'येतं की' म्हणतात. धरता येतं पण सुटतं, असं असेल तर सुटतं असं सांगा.

आता टक्क्यांची बेरीज. समजा एका भागाचे ३० आणि दुसऱ्याचे २० आले. लोक ५० धरून घरी जातात आणि हातात ४३ पडले की भांडायला येतात. सूत्र असं आहे: मोठा आकडा तसाच ठेवायचा, लहान आकड्याला ९० वजा मोठा आकडा याने गुणायचं, ९० ने भागायचं आणि ते मोठ्यात मिळवायचं. ३० अधिक २० गुणिले ६० भागिले ९०, म्हणजे साधारण ४३. त्यात कुणी पैसे खाल्लेले नसतात, गणितच तसं आहे.

कागद: आधार, पत्त्याचा पुरावा, अर्जाची पोचपावती, जुने केसपेपर, डिस्चार्ज कार्ड असेल तर ते, एक्स-रेच्या फिल्म (नुसता रिपोर्ट नको), रक्ताचे रिपोर्ट. सगळ्याच्या झेरॉक्स वेगळ्या, मूळ कागद वेगळे. मूळ कागद खिडकीवर ठेवून यायचे नाहीत. आधारवर लग्नाआधीचं नाव आणि केसपेपरवर सासरचं असेल तर तो घोळ आधी निस्तरा. निम्म्या बायकांची चक्कर तिथेच वाया जाते.

आणखी एक. बऱ्याच सिव्हिलमध्ये हाडांचा दिवस वेगळा, डोळ्यांचा वेगळा, मानसिक आजारांचा वेगळा असतो. पोर्टलवर तारीख आली म्हणून त्या दिवशी हाडांचे डॉक्टर असतीलच असं नाही. आदल्या दिवशी फोन करा, कुणी उचलला नाही तर गावातल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायला सांगा.

झटपट

एवढं कशाला? गेटसमोर झेरॉक्सवाल्याशेजारी माणूस असतो, ४५ टक्क्यांची गॅरंटी देतो. नंबर देतो, विचारून बघा.

*[संपादक: प्रतिसादातील फोन क्रमांक काढला आहे.]*

जुना_कारकून

झटपटराव, त्याच दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ९१ वाचा. दिव्यांगांसाठीचा लाभ फसवून घेतला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. राज्यात जुन्या प्रमाणपत्रांची फेरपडताळणी होते तेव्हा सापडतो तो प्रमाणपत्रवाला. गॅरंटीवाला तोवर दुसऱ्या गेटवर गेलेला असतो. आणि ताईंचे हात खरेच दुखतायत, त्यांना कशाला चोरवाट दाखवता?

आळूचं_फदफदं

साडीचं मी सांगते. आईला नेलं होतं तेव्हा आम्हालाही असलेच सल्ले मिळाले. ती नेहमीसारखीच गेली. एवढंच बघा की बाही कोपराच्या वर सरकेल. बांगड्या मनगटात अडकून बसल्या असतील तर साबण लावून आदल्या रात्रीच काढा, तिथे टेबलासमोर ओढाताण नको. पाण्याची बाटली आणि खाऊ घ्या, रांग मोठी असते. सोबत माणूस हवाच: एक रांगेत उभा, एक कागद सांभाळायला.

आणि अतिशयोक्ती करू नका. आईच्या पुढच्या बाईने खुर्चीवरून उठताना फार कण्हून दाखवलं आणि मग बाहेर जाताना फोन वाजला तर पर्समधून झटकन काढला. डॉक्टर बघत होते. त्या बाईचा गुडघा खरा खराब असेलही, पण पुढचं बोलणं डॉक्टरांनी मनावर घेतलं नाही.

बोरीबंदर

लंगडून दाखवा असं मीही म्हणणार नाही, पण आपली उलटी सवयही घातक आहे. 'कसं आहे?' विचारलं की 'बरं आहे, चाललंय' हे तोंडात बसलेलं. बोर्डात तसं म्हणू नये. "पोळ्या करता का?" असं विचारलं तर हो-नाही सांगून थांबू नका. "कणीक मुलगी मळते, मी लाटते, दोन-तीन झाल्या की थांबावं लागतं" असं पूर्ण वाक्य सांगा.

सांजवात

विषय हातांचा आहे तरी लिहिते, कारण असे धागे शोधत शोधत आमच्यासारखेही इथे येतात.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. तिथे सांधे मोजायचे नसतात, 'आयडियाज' नावाची मोजणी असते. चार गोष्टी बघतात: स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकाला ० ते ४ गुण, शिवाय आजार किती काळ आहे त्याचे गुण. एकूण २० पैकी ७ झाले की ४० टक्के धरतात. आमची पंचाईत अशी की तो बोर्डासमोर नीट बसतो, नाव-गाव-तारीख सांगतो, 'मी ठीक आहे' म्हणतो. अंघोळीला रोज तीनदा सांगावं लागतं, किराणा आणायला पाठवला तर दुकानापर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परत येतो, लागलेली प्रत्येक नोकरी काही आठवड्यांत सुटली, हे त्याच्या तोंडून कधीच येणार नाही.

तिथे घरच्यांचं सांगणं विचारात घेतात. म्हणून मी आधी वहीत लिहून ठेवलं होतं. विशेषणं नव्हती, फक्त घडलेल्या गोष्टी. 'आळशी झालाय', 'लक्ष नसतं' असं लिहिलं की डॉक्टरांना काही हाती लागत नाही. आणि हे त्याच्यासमोर बोलायचं नव्हतं. आत जाण्याआधी सिस्टरना सांगितलं की मला दोन मिनिटं वेगळं बोलायचंय. त्यांनी ऐकलं.

ताई, तुमच्या उजव्या हाताचंही असंच लिहून ठेवा. तिथे गेल्यावर आपण सगळे मुके होतो.

वर्कशॉपवाला

टक्के हा शब्द ऐकला की लोक सगळं एकच समजतात, म्हणून माझ्या मावसभावाचं सांगतो. तो कारखान्यात प्रेसवर होता, अपघातात उजवी तर्जनी आणि मधलं बोट गेलं. ईएसआयच्या (कामगार राज्य विमा) मेडिकल बोर्डाने त्याची 'कमाईची क्षमता' किती गेली ते ठरवलं. त्यांच्या कायद्याला परिशिष्टच आहे: एका हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के, तीन गेली तर ३०, पूर्ण अंगठा एकटाच ३०. त्यावर त्याला आयुष्यभर दरमहा रक्कम मिळते. हे फक्त कामावरच्या अपघाताला आणि कामामुळे झालेल्या ठरावीक रोगांना. तिथला आकडा सिव्हिलमध्ये चालत नाही, सिव्हिलचा तिथे चालत नाही. त्याने दोन्हीकडे अर्ज केले, दोन वेगळे आकडे आले आणि दोन्ही बरोबर होते.

कृष्णाकाठच्या ताईंना संधिवात आहे, तेव्हा हा रस्ता त्यांचा नाही. पण पतसंस्था ईएसआयमध्ये असेल आणि पगार २१,००० च्या आत असेल तर आजारपणाचा भत्ता मिळतो: वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत, मजुरीच्या ७० टक्के. दिव्यांग कर्मचाऱ्यांना ही पगाराची मर्यादा २५,००० आहे. पगाराच्या स्लिपवर ईएसआयची कपात दिसते का बघा.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. जुना_कारकून काका, नावाचा घोळ आहेच, बरं झालं सांगितलंत. ईएसआय कापत नाहीत, आमच्याकडे मिळून सहाच जण आहेत.

पण साहेबांचं काय करू? टक्के येवोत न येवोत, नोकरीचा प्रश्न तसाच राहतो.

लालपरी_वाला

माझे दाजी एका सरकारी महामंडळात ड्रायव्हर होते. नजर गेली, वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरले. घरी जावं लागणार म्हणून बहीण रडत होती. पण दिव्यांग हक्क कायद्यात कलम २० आहे: सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर काढता येत नाही, पदही खाली आणता येत नाही. दुसऱ्या कामावर त्याच पगारात घ्यायचं, जागा नसेल तर जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद तयार करून त्यावर ठेवायचं. दाजींना अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या, पण काम मिळालं.

जुना_कारकून

लालपरीवाले, बरोबर, पण ते सरकारी आस्थापनांना. ताईंची पतसंस्था त्यात बसत नाही, त्यांना खोटा दिलासा नको.

ताई, तुम्हाला काय आहे ते सांगतो. कलम ३ आणि २१ तुमच्या उपयोगाची. दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करायचा नाही आणि प्रत्येक आस्थापनेने समान संधीचं धोरण जाहीर करायचं. सहा माणसांच्या पतसंस्थेत ते धोरण कपाटातही नसणार, हे मला माहीत आहे. पण तक्रारीला जागा आहे, दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय पुण्याला आहे.

तिथपर्यंत जायच्या आधी मात्र साहेबांना वेगळा कागद द्या. प्रमाणपत्रावर 'कामास अपात्र' असं कुठेही लिहिलेलं नसतं. ४० असो नाहीतर ७०, तो अंगाचा आकडा आहे. ७० टक्केवाले लोक बँकांत मॅनेजर आहेत. तुम्ही काय करू शकता आणि काय नाही हे बोर्ड सांगणार नाही, ते तुम्हीच लिहायचं. नोटा हाताने मोजणं जमत नाही, मोजणी यंत्र असेल तर जमतं. शिक्का मारणं जमत नाही, संगणकावर नोंदी जमतात. कर्जखात्याचं रजिस्टर, वसुलीचे फोन, सभासदांची कागदपत्रं तपासणं, यातलं काय जमतं ते एका पानावर लिहा आणि पोच घेऊन द्या. कामाची अदलाबदल मागा, सूट मागू नका.

आळूचं_फदफदं

सूट मागायला काय हरकत आहे काका? सकाळी हात चालत नाहीत तर तासभर उशिरा येऊन तासभर उशिरा जायला मागावं की.

जुना_कारकून

मागावं. पण संस्था नऊला उघडते आणि गिऱ्हाईक नऊलाच येतं. काउंटर सोडलं की उशिरा येण्याचं बोलणं आपोआप सोपं होतं. आधी काउंटर सोडवा.

बोरीबंदर

प्रमाणपत्राचे फायदेही कुणी लिहा, सगळे भीतीचंच बोलतायत. ४० किंवा जास्त असेल तर सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण, एसटीत ७५ टक्के सवलत, आयकराच्या जुन्या करपद्धतीत ७५,००० ची वजावट (८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००). व्यवसाय करही माफ. तसा ताईंचा पगार २५,००० च्या आत असेल तर महिला म्हणून तो आधीच माफ असणार, तेव्हा त्यासाठी कुणाचे पाय धरू नका. रेल्वेची सवलत मात्र सगळ्यांना नसते, तिचे निकष वेगळे आहेत.

कृष्णाकाठची

गेले होते. रांग होती, पण वागणूक बरी होती. डॉक्टरांनी चिमूट, किल्ली, मूठ सगळं बघितलं. मी वही काढली तेव्हा एक डॉक्टर हसले, पण वाचली त्यांनी.

पोर्टलवर ३६ टक्के आले. पांढरं कार्ड. त्यावर म्हणे काहीच मिळत नाही. डावं मनगट तपासल्याचं मला आठवत नाही, सगळा वेळ उजव्यावरच गेला. अपील करावं का?

फिजिओ_नाशिक

डावं मनगट खरंच आखडलं असेल तर करा. नुसते चार टक्के कमी पडले म्हणून करू नका. आधी तुमच्या फिजिओच्या कागदावर डाव्या मनगटाचा कोन काय आहे ते बघा. तिथेच तो जवळपास पूर्ण असेल तर अपिलातही काही वाढणार नाही.

जुना_कारकून

निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवस असतात. पांढरं म्हणजे ४० च्या आत, पिवळं ४० ते ८०, निळं ८० आणि वर. पहिलं काम: बोर्डाचा तपशीलवार तपासणी-तक्ता मागा, लेखी अर्जाने. देत नाहीत म्हणाले तर माहिती अधिकारात मागा. त्यात डाव्या हाताचा रकाना कोरा असेल तर तुमचं अपील एका ओळीचं आहे: 'डावा हात तपासलेला नाही, तो तपासावा.' रडगाणं, घरची परिस्थिती, मुलीचं शिक्षण त्यात घालू नका, अपिलात ते कुणी वाचत नाही. अपील कुणाकडे जायचं ते सिव्हिलच्या त्याच खिडकीवर विचारा आणि पोच घ्या.

आणि साहेबांचा कागद? तो ३६ असो की ४६, थांबवू नका. त्याला टक्के लागत नाहीत.

कृष्णाकाठची

कागद दिला. साहेबांनी वाचला, 'संचालकांच्या मीटिंगला ठेवतो' म्हणाले. पोच घेतली आहे. तपासणी-तक्त्याचा अर्ज सोमवारी टाकते.

मराठवाडी_पोर

मध्येच घुसतो. माझं आधार परभणीचं, उपचार पुण्याच्या सरकारी रुग्णालयात चालू आहेत. बोर्डासाठी परभणीलाच जावं लागेल का? प्रवास झेपत नाही.

जुना_कारकून

नाही. राहत्या जिल्ह्यात किंवा जिथे उपचार चालू आहेत त्या सरकारी रुग्णालयात, दोन्ही चालतं. पोर्टलवर रुग्णालय निवडताना पुण्याचं निवडा आणि तिथला केसपेपर जोडा. प्रमाणपत्र देशभर चालतं, परभणीत वेगळं काढायला नको.